नाव सैनिकाचे, दुकान कुणाचे?

फौजेतून घरी आलेल्या माणसाच्या घरात एक लोखंडी पेटी असतेच. काळा रंग आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आपल्या समाजाच्या वस्त्यांत अशा पेट्या पुष्कळ आहेत. कुठे ती खाटेखाली असते, कुठे तिच्यावर अंथरुणांची चळत असते. वर गणवेश, मधे पदके आणि अगदी तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद.

अशीच एक पेटी आमच्यासमोर उघडी होती. घर अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातले. घरमालक निवृत्त हवालदार. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण गोष्ट एकट्या त्यांची नाही. गावातला एक पैसेवाला माणूस त्यांच्याकडे येऊन गेला होता. त्याचे म्हणणे सोपे होते. "कागद तुमचे, पैसा आमचा. माजी सैनिकाच्या नावावर एजन्सी मिळते. तुम्ही फक्त सह्या करायच्या. दर महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच."

हवालदारांनी आम्हांला विचारले, "साहेब, बसल्या जागी चार पैसे मिळत असतील तर बिघडलं कुठं?"

आम्ही उत्तर देण्याआधीच आतून त्यांच्या पत्नी बोलल्या, "यांच्या आजोबांच्या नावावर वतनाची जमीन होती. कागदावर नाव आपलं अन् पीक दुसऱ्याच्या खळ्यात. तेच पुन्हा करायचं असंल तर करा सही!"

हवालदार गप्प झाले. आम्हीही गप्प झालो. त्या बाईंनी एका वाक्यात जे सांगितले, तेच आज आम्ही जरा विस्ताराने सांगणार आहोत. माजी सैनिकाला स्वतःचा धंदा उभा करण्यासाठी सरकार कोणते कागद देते, बौद्ध सैनिकाच्या हातात त्याशिवाय आणखी कोणता कागद असतो, आणि हे कागद दुसऱ्याच्या हातात का देऊ नयेत, हा आजचा विषय आहे.

बंद झालेला दरवाजा

नगरहून पुण्याला एस.टी.ने जाताना वाटेत कोरेगाव भीमा लागते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे ज्या स्तंभावर कोरली आहेत, तो स्तंभ तेथे उभा आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले होते. आपण दरवर्षी तेथे जातो, अभिवादन करतो. पण त्या स्तंभानंतर काय घडले, हे मुलांना सांगायला आपण पुष्कळदा विसरतो.

ज्या लोकांनी रक्त सांडले, त्यांच्यासाठी १८९२ मध्ये लष्कराचा दरवाजा बंद झाला. काही जातीच तेवढ्या लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, असे इंग्रज सरकारने ठरवले आणि महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

हा इतिहास आम्ही मिरवण्यासाठी सांगत नाही. लष्कराची नोकरी म्हणजे आपल्या समाजासाठी नुसता पगार नव्हता. फौजेत शिपायांच्या मुलांसाठी शाळा होती. सुभेदार रामजींच्या घरात अक्षर आले ते तेथून, आणि त्यांच्या पेन्शनवर व नंतरच्या नोकरीवर बाबासाहेबांच्या शिक्षणाचा पाया पडला. आजही कितीतरी वस्त्यांत पहिले पक्के घर, पहिली पदवी, पहिली नर्स किंवा पहिला मास्तर फौजी माणसाच्या घरातून आला आहे. म्हणून फौजी माणूस चाळिशीच्या आसपास घरी येतो तेव्हा पुढची वीस वर्षे तो काय करतो, हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या घरापुरता राहत नाही.

नगर जिल्ह्यात तर फौज घरासमोरून चालते. चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा येथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र येथे. आपली मुले रणगाड्यांचा आवाज ऐकत मोठी होतात. पण घरी आलेला सैनिक बहुधा काय करतो? नागापूरच्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या दारावर उभा राहतो, नाहीतर शिर्डीच्या बाजूला लॉजवर पहारा देतो. ते काम हलके आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. घामाचे काम कोणतेही हलके नसते. पण ज्या माणसाने वीस वर्षे गाडी दुरुस्त केली, शंभर माणसांचा लंगर चालवला, वायरलेस सांभाळला, तो फक्त दारावरच उभा का राहावा?

कागद कोणते, कोणाकडून?

पुष्कळ घरांत असा समज आहे की सैनिकाच्या धंद्याला सरकार एक प्रमाणपत्र देते आणि ते दाखवले की सारी दारे उघडतात. तसे नाही. आपल्याकडे निरनिराळ्या कार्यालयांतून निरनिराळे कागद घ्यावे लागतात. ते एकेक करून समजून घेऊ.

पहिला कागद माजी सैनिकाचे ओळखपत्र. हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळते. सैनिकाच्या विधवेचीही नोंद तेथेच होते. पुढचे सारे या नोंदीवर उभे आहे. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी ज्यांनी नोंद केलेली नाही, असे लोक आम्हांला भेटले आहेत. त्यांनी हा लेख संपताच डिस्चार्ज बुक बाहेर काढावे.

दुसरा कागद दिल्लीचा. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय आहे. फौजी मंडळी त्याला 'डी.जी.आर.' म्हणतात. सैनिकांच्या सुरक्षा एजन्सीची यादी ठेवणे, तेल कंपन्यांचे पेट्रोल पंप किंवा गॅस एजन्सी यांत सैनिकांसाठी राखीव जागा असेल तेव्हा पात्रता प्रमाणपत्र देणे, ही कामे हे कार्यालय करते. त्याच्या योजना हुद्द्याप्रमाणे वेगवेगळ्या असतात. अधिकाऱ्याला जी चालते ती शिपायाला चालेलच असे नाही. म्हणून कोणी "सैनिकाला पंप मिळतो" असे म्हटले की आधी विचारावे, कोणत्या सैनिकाला, कोणत्या जाहिरातीत, कोणत्या ठिकाणी? पंपासाठी दिलेले पात्रता प्रमाणपत्र त्या एका ठिकाणापुरते असते, दुसऱ्या ठिकाणच्या अर्जाला ते चालत नाही. याच महासंचालनालयातर्फे निवृत्तीच्या आधी नोकरीत असतानाच प्रशिक्षणाचे वर्गही मिळतात. ज्यांची मुले किंवा भाऊ अजून फौजेत आहेत, त्यांनी पत्रात किंवा फोनवर हे जरूर सांगावे. घरी आल्यावर हळहळण्यापेक्षा तेथेच वर्ग करून आलेला माणूस पुढे असतो.

सुरक्षा एजन्सी काढायची तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे राज्याचा परवाना वेगळा लागतो. नोकरीच हवी असेल त्यांच्यासाठी २००२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे 'मेस्को', आहे. ते ठिकठिकाणी सुरक्षारक्षक पुरवते.

तिसरा कागद उद्यम नोंदणीचा. धंदा छोटा आहे हे सरकारदरबारी सांगणारा हा कागद. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू झाली. आधार क्रमांकावर ही नोंदणी होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. तरीही नाक्यावरचे काही लोक या नोंदणीसाठी हजार-हजार रुपये घेतात. वाचकांनी असे पैसे देऊ नयेत.

भांडवलासाठी वाट जिल्हा उद्योग केंद्रातून जाते. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात धरले आहेत. अनुसूचित जातीही त्याच प्रवर्गात आहेत. या प्रवर्गाच्या माणसाने प्रकल्पाच्या ५ टक्के रक्कम स्वतः घालायची, आणि सरकारी अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के. इतरांसाठी हेच आकडे १० टक्के, आणि २५ व १५ टक्के असे आहेत. हिशेब करून पाहा. खेड्यात दहा लाखांचा प्रकल्प असेल तर आपले पन्नास हजार, बँकेचे साडेनऊ लाख, आणि अनुदान साडेतीन लाख. मात्र हे अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, धंदा खरोखर चालू आहे की नाही हे पाहिले जाते, आणि मग ते कर्जाच्या खात्यात वळते होते. नवरा आणि बायको मिळून एकालाच ते मिळते. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ चा. त्यातही अशीच रचना आहे. अर्ज करण्याच्या दिवशी कोणती योजना चालू आहे आणि तिच्या मर्यादा काय आहेत, ते मात्र उद्योग केंद्रात जाऊन विचारावे. ऐकीव माहितीवर प्रकल्प आखू नये.

बौद्ध सैनिकाचा आणखी एक कागद

आता आमच्या वाचकांच्या मनातला एक जुना सल. पुष्कळ जण विचारतात, "आम्ही बौद्ध झालो. मग जातीच्या दाखल्यावर जुन्या जातीचे नाव कशासाठी?"

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. लाखो लोक त्यांच्यामागे गेले. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या. गावातल्या माणसांची नजर मात्र बदलली नाही, विहीर बदलली नाही. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी रिपब्लिकन पक्षाने सतत मागणी केली. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहातही ती मागणी होती. अखेर १९९० मध्ये, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे चौतीस वर्षे लागली. त्या काळात निवृत्त झालेला बौद्ध सैनिक सीमेवर इतरांच्या बरोबरीने उभा होता, पण केंद्राच्या खिडकीवर त्याला अनुसूचित जातीचा माणूस म्हणून काहीच मागता येत नव्हते.

म्हणून दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख असतो. तो आपल्या धम्माला उणेपणा आणत नाही. कोणत्या अन्यायाची भरपाई आहे, एवढेच तो सांगतो. केंद्राच्या कामासाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, हे लक्षात ठेवावे. राज्याचा दाखला घेऊन केंद्राच्या कंपनीकडे गेलेला माणूस परत पाठवला जातो. प्रांत कार्यालयात अर्ज करतानाच "केंद्रासाठी" असे स्पष्ट सांगावे. १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले घराणे येथलेच होते याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा उतारा किंवा महसुली नोंद त्यासाठी शोधून ठेवावी. त्या कामी वतनाचे जुने कागदही उपयोगी पडतात.

सैनिकाच्या घरात येथेच एक घोळ निघतो. फौजेच्या कागदावर नुसते नाव, आडनाव नाही. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आहे. आधारवर वडिलांचे नाव मधे. बायकोचे माहेरचे नाव पेन्शनच्या हुकुमावर आणि सासरचे रेशनकार्डावर. साहेब लोक एका अक्षरावरून अर्ज बाजूला ठेवतात. फौजेच्या कागदांतली दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडूनच होते आणि तिला वेळ लागतो. धंद्याची जाहिरात निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आज, फुरसतीत, सारे कागद एका चटईवर पसरून नावे जुळवून पाहावीत.

एवढी धडपड कशासाठी? याचे कारण खरेदीच्या नियमांत आहे. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के खरेदी छोट्या उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. त्याचा मूळ आदेश २०१२ चा. त्या २५ टक्क्यांत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून घ्यायचे आहे. टेंडरचे कागद फुकट मिळतात, अनामत रक्कम माफ असते. पण या वाटणीत सैनिकांचा वेगळा हिस्सा नाही! म्हणजे बौद्ध सैनिकाला येथे दार उघडून देतो तो सैन्याचा कागद नव्हे, तर जातीचा दाखला आणि उद्यम नोंदणी. उलट पेट्रोल पंपाच्या जाहिरातीत अनुसूचित जातींच्या जागांमध्येच सैनिकांसाठी उपगट असतो. तेथे दोन्ही कागद एकाच वेळी लागतात. आणि रोजगार निर्मिती कार्यक्रमात दोन्हींपैकी एक पुरतो, दोन्ही दाखवले म्हणून अनुदान दुप्पट होत नाही. कोणते कुलूप कोणत्या किल्लीने उघडते, हे ज्याला कळले त्याच्या चपला कमी झिजतात.

मालकी म्हणजे काय?

या खरेदी धोरणात एक आकडा आहे, तो प्रत्येकाने पाठ करावा. तो आकडा ५१. भागीदारी असेल तर अनुसूचित जातीच्या भागीदारांचा वाटा किमान ५१ टक्के हवा. कंपनी असेल तर त्यांचे भाग किमान ५१ टक्के हवेत. तरच तो उद्योग आपला मानला जातो.

अमेरिकेतही हाच आकडा आहे. तेथे सैनिकांच्या छोट्या धंद्यांना केंद्र सरकार रीतसर प्रमाणपत्र देते. १ जानेवारी २०२३ पासून हे काम छोट्या उद्योगांच्या सरकारी खात्याकडे आले आहे. सेवेत अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या धंद्यांकडून सरकारी खरेदीच्या ३ टक्के खरेदी करायची असे पूर्वी उद्दिष्ट होते, ते आता ५ टक्के केले आहे. पण तेथे नुसती ५१ टक्के मालकी पुरत नाही. धंद्याचा ताबाही सैनिकाकडे हवा. मोठे निर्णय तो घेतो का, सर्वांत वरच्या खुर्चीवर तो बसतो का, हे तपासतात. कारण तिकडेही सैनिकाला पुढे उभे करून मागून धंदा करणारे लोक आहेतच.

त्याच अमेरिकेची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी तेथे १९४४ मध्ये कायदा झाला. शिक्षण, घर, शेती आणि धंदा यांसाठी मदत देणारा. कायद्यात काळा-गोरा असा भेद लिहिलेला नव्हता. पण अंमलबजावणी स्थानिक बँका आणि स्थानिक कार्यालये यांच्या हाती होती. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांची पाहणी झाली. सरकारी हमीची ३,२२९ कर्जे दिली गेली होती. त्यांतली काळ्या सैनिकांना मिळालेली किती? फक्त दोन! कायदा चांगला असून भागत नाही, खिडकीच्या आत कोण बसला आहे आणि बाहेरचा माणूस किती तयारीने गेला आहे, यावरही पुष्कळ काही ठरते. आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

उसना दिलेला कागद

आता त्या पैसेवाल्या माणसाकडे वळू. "सह्या करा, रक्कम घ्या" हे बोलणे नवे नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या तालुक्यातले एक नाईक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनी अशीच सही केली. कुलमुखत्यारपत्र लिहून दिले, चेकबुकावर कोऱ्या सह्या दिल्या. दोन-अडीच वर्षे रक्कम आली. मग ती उशिरा येऊ लागली, मग बंद झाली. आणि मग पोस्टमन आला. बँकेची नोटीस त्यांच्या नावावर, कराची नोटीस त्यांच्या नावावर, कामगारांच्या थकलेल्या पगाराची तक्रारही त्यांच्या नावावर. नफा ज्याने खाल्ला त्याचे नाव एकाही कागदावर नव्हते. ते आम्हांला म्हणाले, "सीमेवर असताना रात्री झोप लागायची. आता लागत नाही."

अशा बेनामी कारभारात एजन्सी रद्द होते, हा एक तोटा. सैनिकांसाठीच्या अशा योजनांचा लाभ साधारणपणे आयुष्यात एकदाच मिळतो, तो वाया जातो, हा दुसरा. पण तिसरा तोटा सर्वांत मोठा. जागा राखीव ठेवली होती ती आपल्यातून एक मालक उभा राहावा म्हणून. ती जागा उसनी दिली की सरकारच्या वहीत "लाभ दिला" अशी नोंद होते आणि वस्तीत काहीच बदलत नाही. उद्या आपण हक्क मागायला गेलो तर सांगतात, "तुमच्या माणसाला दिले होते ना!"

महार वतनांचे काय झाले होते? १९५८ च्या कायद्याने वतने रद्द झाली, १९५९ मध्ये तो अमलात आला, आणि शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी पुन्हा नावावर करून घेण्याची सोय झाली. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येणार नाहीत, अशी अटही होती. तरीसुद्धा कितीतरी जमिनी तोंडी बोलीवर, उसनवारीवर, अंगठ्यावर दुसऱ्यांच्या हातात गेल्या. आजोबांना वाचता येत नव्हते, हे त्यांचे कारण खरे होते. आपल्याला वाचता येते. आपण कोणते कारण सांगणार?

भांडवल नाही, हे दुखणे खरे आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण भांडवलासाठी भागीदार घ्यायचाच असेल तर उजेडात घ्यावा. लेखी करार करावा, आपला वाटा ५१ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये, बँकेच्या खात्यावर आपली सही ठेवावी आणि रोजची वही आपण पाहावी. कोऱ्या कागदावर सही करू नये, मग समोर कोणीही असो, भाऊबंद असो की पुढारी. आणि मोठ्या एजन्सीचे स्वप्न झेपत नसेल तर जे हाताला येते त्यापासून सुरुवात करावी. गाड्या दुरुस्त करणाऱ्याने गॅरेज काढावे. लंगर चालवलेल्या माणसाला खानावळीचा हिशेब शिकवावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट. माल दिला, काम केले आणि पैसे अडकले, अशी तक्रार नेहमी असते. २००६ च्या कायद्याप्रमाणे माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगाचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते. त्यासाठी दाद मागण्याची सोयही आहे. पण उद्यम नोंदणी आधी केलेली असेल तरच हे हत्यार हातात राहते.

भगिनींसाठी चार शब्द

आमच्या भगिनींना वाटेल, हा लेख पुरुषांचा आहे. तसे नाही. फौजी माणूस वर्षानुवर्षे बाहेर असतो तेव्हा घर, शेत, शाळा, दवाखाना, सावकार, सारे बाईच सांभाळते. मनीऑर्डरच्या पैशात महिना काढणारी बाई दुकानाचा हिशेब ठेवू शकत नाही, असे कोण म्हणेल? तेव्हा धंद्याच्या पहिल्या दिवसापासून वही आपल्या हाती घ्या. नवऱ्याने कोणत्या कागदावर सही केली हे विचारा, आणि मोठ्या मुलीकडून तो वाचून घ्या. भांडण होईल म्हणून गप्प बसू नका.

ज्या भगिनींचे पती सेवेत गेले, त्यांच्यासाठीही पात्रता प्रमाणपत्रांत तरतूद असते. त्यांच्या दाराशी तर हे उसने मागणारे सर्वांत आधी पोचतात. दीर असो, गावचा कारभारी असो, "तुला काय कळतंय यातलं, मी बघतो" असे कोणी म्हटले की समजावे, काहीतरी जाणार आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वतः जावे. बरोबर महिला मंडळातल्या दोघीतिघींना न्यावे.

उद्याच्या मुलांचे काय?

शेवटी एक काळजी. २०२२ पासून फौजेत शिपायांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांची सेवा, नंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम, बाकीची घरी. घरी येताना सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतात, पण पेन्शन नाही. आणि योजनेच्या मूळ अटींप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे या लेखात सांगितलेला पहिला आणि दुसरा कागद त्यांच्या पेटीत असणार नाही. आपल्या वस्तीतली मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात तेव्हा छाती भरून येते आणि हा विचारही येतो. २१-२२ वर्षांचे पोर एवढी रक्कम घेऊन गावात आले की मोटारसायकलचा दुकानदार आणि भागीदारीवाला, दोघेही दारात उभे राहणार. त्या मुलांच्या हाती जातीचा दाखला, उद्यम नोंदणी आणि एखादे शिकलेले काम, एवढेच असेल. त्याची तयारी आजच घरात झाली पाहिजे.

बुद्धविहारात दर पौर्णिमेला आपण जमतो. वंदना होते, खीरदान होते. त्यानंतरचा एक तास महिन्यातून एकदा या कागदांसाठी काढता येणार नाही काय? वस्तीतल्या निवृत्त सैनिकांनी, एखाद्या शिक्षकाने, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने एकत्र बसावे. कोणाचा दाखला अडला, कोणाचे नाव जुळत नाही, कोणाकडे नोटीस आली, हे बोलावे. सैनिक कल्याण कार्यालयात एकट्याने गेले तर "उद्या या" ऐकावे लागते. पाच जण मिळून गेले की खुर्ची मिळते.

आणि आमच्या हवालदारांचे काय झाले? त्यांनी सही केली नाही. त्या माणसाने गावात त्यांना वेडा ठरवले. हवालदारांची नोकरी गाड्यांच्या दुरुस्तीत गेली होती. रस्त्याला लागून भाड्याची एक जागा पाहून त्यांनी गॅरेजचा अर्ज उद्योग केंद्रात दिला आहे. कर्ज मंजूर व्हायचे आहे, बँकेच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत आणि आणखी होतील. आम्ही निघताना त्यांच्या पत्नी शंभर पानी वहीवर रेघा मारत होत्या. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. खर्चाच्या बाजूला एक ओळ लिहून झाली होती. नगरला जाण्या-येण्याचे एस.टी. भाडे.

जमेची बाजू अजून कोरी आहे. ती भरेल तेव्हा वाचकांना आम्ही जरूर कळवू.

जयभीम.